कोल्हापूरहून लंडन, कोल्हापूरहून सॅन फ्रान्सिस्को: हवाई अंतर आणि प्रवासाची खरी वेळ कशी काढायची

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर १३,५१० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला की झाले पंधरा तास. फोनला विचारलं तर तोही हेच उत्तर देतो. पण राजारामपुरीतल्या घराला कुलूप लावून निघणाऱ्या माणसाला या पंधरा तासांचा उपयोग थोडा. त्याला हवं असतं ते वेगळंच: घरातून कोणत्या दिवशी किती वाजता निघायचं, वाटेत थांबा किती ठेवायचा, तिकडे पोचल्यावर तिथल्या घड्याळात किती वाजलेले असतील आणि मुलाला न्यायला कधी बोलवायचं. हे सगळं काढता येतं. लागतं काय, तर सायंटिफिक कॅल्क्युलेटर, कागद आणि अर्धा तास.

आधी नेमका विमानतळ ठरवा

अंतर दोन शहरांमधलं नाही, दोन विमानतळांमधलं मोजायचं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तिकिटावर तोच छापलेला असतो. कोल्हापूरच्या विमानतळाचा, म्हणजे उजळाईवाडीचा, कोड केएलएच, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, बेळगावचा आयएक्सजी, बेंगळुरूचा बीएलआर. गोव्यात दोन आहेत: दाबोळीचा जीओआय आणि मोप्याचा जीओएक्स. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुंबईचंही तसंच झालं आहे. तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे बुकिंग करतानाच बघा. कोल्हापूरहून गाडीने जाणाऱ्याला नवी मुंबई अलीकडे पडते, त्यामुळे चूक झाली तर ती भलत्या विमानतळाच्या दारात उभं राहिल्यावर कळते.

परदेशात हा घोटाळा आणखी महागात पडतो. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे तसं अमेरिकेत अलाबामातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. लंडन नावाचं गाव कॅनडात आहे, सिडनीही कॅनडात आहे. शहराचं नाव टाकून स्वस्त तिकीट दिसलं, तर हुरळून जाण्याआधी कोड वाचा.

कोड पक्का झाला की विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक अंश-मिनिटांची. उजळाईवाडी १६ अंश ४० मिनिटांच्या जवळपास आहे. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून दशांशात ते १६.६७ होतं. घाईत १६.४० लिहिलं, की विमानतळ तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि थेट निपाणीच्या रेषेवर जाऊन बसतो. दुसरी चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश वजा धरायचे असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे १२२.३८ पश्चिम आहेत. वजा चिन्ह राहिलं तर तो बिंदू चीनच्या शांडोंग किनाऱ्यापाशी पडतो आणि मुंबईपासूनचं अंतर १३,५१० ऐवजी ५,१९० किलोमीटर येतं. उत्तर असं अनपेक्षितपणे सोयीचं आलं, की आधी चिन्ह तपासा.

अंतर काढण्याची रीत

पृथ्वी गोल असल्यामुळे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून भागत नाही. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या मध्यातून कापणारं प्रतल पृष्ठभागावर जी रेघ उमटवतं, ती ही रेघ. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप त्याच रेघेवर बसतो. बारा इंची गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर. मुंबई ते लंडन दोरा सव्वासतरा सेंटिमीटर भरतो. मुलांना दाखवायला याहून चांगली युक्ती नाही, आणि चूकही फार तर शंभर-दीडशे किलोमीटरची.

नेमकं उत्तर हवं असेल तर सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

यातून येणारा कोन पृथ्वीच्या मध्यापाशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन असतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून कोनाला १११.२ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. ६० ने गुणलं तर सागरी मैल येतात. वैमानिक तेच वापरतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

मुंबई–हीथ्रो करून बघू. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक ०.४५, म्हणजे ७३.३२. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असला की बेरीज होते, हे लक्षात असू द्या.

साइन १९.०९ येतो ०.३२७१ आणि साइन ५१.४७ येतो ०.७८२३. गुणाकार ०.२५५८.
कोसाइन १९.०९ येतो ०.९४५०, कोसाइन ५१.४७ येतो ०.६२२९, कोसाइन ७३.३२ येतो ०.२८७०. तिन्हींचा गुणाकार ०.१६९०.
बेरीज ०.४२४८. याचा उलटा कोसाइन ६४.८६ अंश.
६४.८६ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे ७,२१२ किलोमीटर, अर्थात ३,८९२ सागरी मैल.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आतली तफावत राहते. ती सोडून द्या; विमान त्याहून कितीतरी जास्त वाकडं जातं.

फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की सायंटिफिक बटणं दिसतात. साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर तो अंशांत आहे, उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात आहे, तो बदला. स्प्रेडशीटमध्ये मात्र सगळं रेडियनमध्येच चालतं. तिथे प्रत्येक अक्षांश-रेखांश आधी रेडियन्स फंक्शनमधून काढावा लागतो आणि शेवटच्या उत्तराला ६,३७१ ने, म्हणजे पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, गुणावं लागतं. ही पायरी राहिली तर उत्तर कसंही येतं आणि ते चुकीचं आहे हे चटकन ओळखूही येत नाही. म्हणून पहिल्यांदा मुंबई–हीथ्रो घालून ७,२१२ च्या आसपास येतंय का ते बघा, मगच पुढची गावं घाला.

जवळच्या अंतरांना एवढा खटाटोप नको. कोल्हापूर–मुंबईसाठी अक्षांशांतला फरक २.४३ अंश. रेखांशांतला फरक १.४२, त्याला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९५ ने, गुणलं की १.३५. आता पायथागोरस: वर्गांची बेरीज ७.७३, वर्गमूळ २.७८ अंश, म्हणजे ३०९ किलोमीटर. रस्त्याने हेच ३८० च्या आसपास भरतं.

नकाशा आणि खरी वाट यांत किती फरक पडतो, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उदाहरणात दिसतं. नकाशा बघून वाटतं, मुंबईहून पश्चिमेला युरोपवरून जायचं नाहीतर पूर्वेला जपानवरून. बृहद्वृत्त मात्र मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतं, उत्तर दिशेच्या जेमतेम १४ अंश पूर्वेला. सायबेरियाच्या वर आर्क्टिक समुद्रात ७७ अंश उत्तरेपर्यंत चढतं आणि अलास्काकडून खाली उतरतं. ही झाली कागदावरची सर्वांत आखूड वाट. विमान नेहमी तिनेच जाईल असं मात्र नाही.

अंतर कमी, वेळ जास्त

बोइंग ७८७, ७७७ किंवा एअरबस ए३५० ही लांब पल्ल्याची विमानं माख ०.८५ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या, आसपास उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरलेलं असतं, तिथे हा वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. ए३२० साठी ८३० धरा. कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ५०० च्या आसपास.

पण हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नाही. हवा स्वतः पळत असेल तर विमान तिच्याबरोबर पळतं किंवा तिच्याशी झुंजतं. हिवाळ्यात उत्तर भारताच्या माथ्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते. तिचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. म्हणून पश्चिमेला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा प्रकार असतो: जून ते सप्टेंबर, साधारण चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो. पण लांबच्या प्रवासाचा मोठा भाग उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यातच जातो, त्यामुळे ढोबळ हिशेब बदलत नाही.

वारा काय करू शकतो याचा दाखला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने दिला आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटरवर गेलं, आणि तरी वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. समोरून येणारा वारा पाठीशी आला, एवढंच. अंतराला वेगाने भागून वेळ सांगणाऱ्याला हे कोडं कधी सुटायचं नाही.

आकाशात बंद रस्तेही असतात. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घालावा लागू लागला. रशियाचं आकाश फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. म्हणजे त्याच दोन गावांमधली वेळ कंपनीप्रमाणे वेगळी असू शकते. दोन तिकिटांची तुलना करताना पाऊण-एक तासाचा फरक दिसला तर छपाईची चूक समजू नका.

हे सगळं धरून चालणारा ठोकताळा असा. काढलेलं अंतर चार टक्क्यांनी वाढवा. विमान हवाई मार्गांनी वळत जातं, चढताना-उतरताना फेरे घेतं. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जाताना वेग ८२० धरा, पूर्वेला येताना ९५०. आलेल्या तासांत अर्धा तास मिळवा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढण आणि उतरण यात तो जातो.

मुंबई–हीथ्रो: ७,२१२ चे चार टक्के वाढवून ७,५००. भागिले ८२० म्हणजे ९.१५, अधिक अर्धा, ९.६५ तास. याला नऊ तास पासष्ट मिनिटं म्हणू नका. दशांशाला ६० ने गुणा: नऊ तास ३९ मिनिटं. वेळापत्रकात साडेनऊ ते दहा तास दिसतात, तेव्हा हिशेब जमला. परत येताना ठोकताळा साडेआठच्या आत येतो आणि वेळापत्रक नऊच्या आसपास सांगतं. कारण कंपनी जी वेळ छापते ती चाकापुढचा अडसर काढल्यापासून पुन्हा अडसर लावेपर्यंतची असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. तिच्यात गर्दीच्या विमानतळावर आकाशात घिरट्या घालाव्या लागतील ती मिनिटंही आधीच घातलेली असतात. म्हणून कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

एटीआरला वेगळा हिशेब: ताशी ४८० धरा आणि वर वीस मिनिटं. कोल्हापूर–मुंबई ३०९ किलोमीटरला तासभर होतो.

कोल्हापुरातून कुठून?

आता खरा प्रश्न. गंमत म्हणजे मुंबई अगदी वाटेवर आहे. कोल्हापूरहून हीथ्रोला सरळ रेघ मारली तर ७,५१५ किलोमीटर, मुंबईमार्गे ७,५२१. फक्त सहा किलोमीटर जास्त! बेंगळुरूमार्गे गेलात तर कोल्हापूर–बेंगळुरू ५३२ आणि पुढे ८,०४६, एकूण ८,५७८. लंडनला जायला आधी दक्षिणेला जायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम वाटतो. पण हिशेब पूर्ण करा.

मुंबईला गाडीने जायचं तर नऊ तास धरावे लागतात. खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, नवले पुलापाशी तुंबणारी वाहनं, लोणावळ्याचा घाट आणि शेवटी मुंबईतली गर्दी. सात तासांत पोचलेले लोक भेटतील; आंतरराष्ट्रीय विमानाचा बेत त्यांच्या शब्दावर आखू नका. बेंगळुरूमार्गे अंतर मुंबईमार्गापेक्षा हजारेक किलोमीटरने वाढतं, पण लांबच्या विमानातला वाढीव भाग ८३० किलोमीटरचा, म्हणजे तासाभराचा. कोल्हापूर–बेंगळुरू विमान दीड तासाच्या आसपास घेतं आणि रस्त्याचे नऊ तास वाचतात. वेळा जुळत असतील तर द्राविडी प्राणायामच परवडतो.

जुळत असतील तर. उजळाईवाडीहून विमानं मोजकी, काही रोज नसतात, आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जानेवारीत पाहिलेली वेळ मेच्या प्रवासाला गृहीत धरू नका. मुंबईला विमानाने गेलात तरी देशांतर्गत विमान पहिल्या टर्मिनलला उतरतं की दुसऱ्या, हे आधी बघा. आंतरराष्ट्रीय विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात आणि दोन टर्मिनलांमध्ये चार-पाच किलोमीटरचा रस्ता आहे, तोही मुंबईतला.

थांबा किती ठेवायचा? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर कंपनी जेवढा देते तेवढा चालतो. पहिलं विमान रद्द झालं किंवा लांबलं तर पुढची सोय करणं तिच्याकडे लागतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर तसं कुणी बांधील नसतं. बॅगा घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. अशा वेळी सहा तासांखाली जाऊ नका, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. एटीआरचं एक विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर रस्त्याचंही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. त्याच पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी चढलं, म्हणजे बेळगावची बाजूही अडली. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर आठवडाभर आधीपासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पातळी पस्तिशीच्या पुढे सरकून चढती दिसली, की एक दिवस आधी निघा. हॉटेलचं भाडं बुडालेल्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं.

रेल्वेने जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. रात्री निघून सकाळी मुंबईत. अडचण एवढीच, की आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. सकाळी उतरून दिवसभर बॅगा घेऊन बसायची तयारी हवी, किंवा ठाण्या-दादरला नातेवाईक हवेत.

परदेशातल्या थांब्याने अंतर फारसं वाढत नाही, हेही मोजून बघण्यासारखं आहे. मुंबई–दुबई १,९२७ आणि दुबई–हीथ्रो ५,४९७, मिळून ७,४२४. थेट अंतराहून तीन टक्के जास्त. वेळ वाढते ती जास्तीच्या उतरण्या-चढण्याने आणि दुबईत बसण्याने. दोन तासांचा थांबा असेल तर एकूण प्रवास थेट विमानापेक्षा तीन तासांनी लांबतो, आणि तिकिटातला फरक त्यापुढे ठेवून निर्णय घ्यायचा. वय झालेल्या आई-वडिलांना मात्र चार हजार रुपये वाचवायला दोन थांब्यांचं तिकीट काढून देऊ नये.

घड्याळ आणि तारीख

इथे शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. रीत एकच ठेवा: दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत (यूटीसी) आणा, मगच बेरीज-वजाबाकी करा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते.

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दुबई चार तास पुढे, सिंगापूर आठ. लंडन हिवाळ्यात बरोबरीने, उन्हाळ्यात एक तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. सॅन फ्रान्सिस्को आठ आणि सात. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सिडनीत उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिस्बेन मात्र घड्याळाला हात लावत नाही.

समजा १२ जानेवारीला मुंबईहून ०२:३० ला विमान आहे आणि थांब्यासकट एकूण २२ तास ३० मिनिटं लागतात. साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ ११ जानेवारी, २१:००. त्यात २२:३० मिळवा: १२ जानेवारी, १९:३०. सॅन फ्रान्सिस्को जानेवारीत आठ तास मागे, म्हणून ११:३०, तारीख १२. साडेबावीस तास प्रवास करून त्याच तारखेच्या सकाळी पोचलात. इमिग्रेशन आणि बॅगांना दीड-दोन तास धरा आणि मुलाला एक वाजता यायला सांगा.

परतीचं ५ मार्चला २१:०० ला, एकूण २१ तास ४५ मिनिटं. जागतिक वेळ ६ मार्च, ०५:००. पोच ७ मार्च, ०२:४५. साडेपाच मिळवले की भारतात ७ मार्च, सकाळी सव्वाआठ. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक दोन छापलेलं असतं, ते हेच.

आता सर्वांत घातक चूक. विमान १५ तारखेला ०२:३० चं आहे, म्हणजे १४ तारखेच्या रात्रीचं. "पंधराला रात्री आहे की" म्हणून पंधराच्या दुपारी निघालेल्याचं विमान बारा तासांपूर्वीच गेलेलं असतं. उलटा हिशेब लावा: सुटण्याच्या तीन तास आधी, म्हणजे १४ ला २३:३० ला विमानतळावर. रस्त्याचे नऊ तास मागे, १४:३०. टायर पंक्चर आणि घाटातल्या कोंडीसाठी दोन तास. म्हणजे १४ तारखेला दुपारी साडेबाराला, जेवण लवकर उरकून, कोल्हापूर सोडायचं. कॅलेंडरवर खूण १४ वर करा.

परतीचा शेवटचा टप्पा

भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम होतं. बॅगेवर कोल्हापूरचा टॅग असला तरी मुंबईला किंवा बेंगळुरूला ती पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पुन्हा सोपवायची. अमेरिकेत जातानाही पहिल्या विमानतळावर साधारण हेच करावं लागतं. म्हणून वर काढलेल्या सव्वाआठच्या पोचीला मुंबईहून दहाचं कोल्हापूर विमान जोडू नका. एकाच तिकिटावर असलं तरी तीन तासांपेक्षा कमी अंतर असेल तर पुढचं मागा. गाडी बोलावली असेल तर चालकाला साडेनऊची वेळ द्या आणि विमानाचा नंबर पाठवून ठेवा. उशीर झाला तर त्यालाच फोनवर दिसतं. तोही पहाटेच कोल्हापूरहून निघालेला असेल तर परतीच्या नऊ तासांना त्याला झोप झालेली नसते. त्याने आदल्या संध्याकाळी पुण्यात किंवा पनवेलला मुक्काम करावा, आणि ते पैसे भाड्यात धरावेत.